मीठ झोंबू नये म्हणून

ममीमामा खरं बोलतात की थापा मारतात, यावर संग्रहालयात कुणी पैज लावत नसे, कारण दुसऱ्या बाजूला उभं राहायला माणूसच मिळत नसे. दारावरचा पहारेकरी तर सरळ सांगायचा, की बाहेर पाऊस लागलाय असं मामा म्हणाले की मी छत्री आत ठेवून देतो. मामांना याचं वाईट वाटत नसे. उलट आपल्या नावाला जागायला हवं म्हणून ते रोज सकाळी आल्या आल्या पहारेकऱ्याला एक ताजी थाप देत आणि मगच आत जात.

त्यांचं काम म्हणजे शाळेच्या पोरांना ममी दाखवणं. तळमजल्याच्या टोकाला एक बिनखिडक्यांची खोली होती. आत दिवा मंद, हवा कोरडी, भिंतीवर दमटपणा मोजणारं एक तबकडीचं यंत्र, आणि मधोमध काचेच्या पेटीत ती. ती राणीबिणी नव्हती. कुठल्याशा साध्या घरातली बाई होती, एवढंच संचालकबाईंना ठाऊक होतं आणि तेवढंच पाटीवर लिहिलेलं होतं. पण मामांच्या तोंडी ती सोमवारी राणी असे, मंगळवारी राजाची स्वयंपाकीण, आणि पोरं फारच दंगेखोर निघाली तर त्या दिवशी ती शाळेची मुख्याध्यापिका असे. प्रत्येक तुकडीत एक तरी पोरगं "ही कुणाची मम्मी?" असं विचारून दात काढायचं. मामा तो विनोद जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. मामांचं बाकी सगळं खोटं असेल, ते हसू खोटं नव्हतं.

माहिती मात्र ते चोख सांगत, हे कबूल करायला हवं. माणूस मेला की त्याच्या अंगातलेच बारीक जंतू त्याला खायला लागतात, आणि त्या जंतूंना पाणी लागतं. पाणी काढून घ्या, जंतू उपाशी, मढं शाबूत. कुणी बर्फात गोठून राहतं, कुणी दलदलीच्या आंबट चिखलात चामड्यासारखं होऊन राहतं, कुणी तापल्या वाळूत आपोआप सुकतं. पण हिच्या लोकांनी ते मुद्दाम केलं. पोटातलं काढलं, काळीज तेवढं जागच्या जागी ठेवलं, आणि आतून बाहेरून खारट सोडा भरून तिला कितीतरी दिवस त्यातच पुरून ठेवली. मग तेल, मग डिंकासारखा चीक, मग पट्ट्यांवर पट्ट्या. मेंदू आकडी घालून नाकातून ओढून काढत, हे सांगताना मामा पुढच्या रांगेतल्या पोराच्या नाकाकडे निरखून बघत आणि म्हणत, अभ्यास न करणाऱ्याचा लवकर निघतो, सैल असतो.

इथवर सगळं पुस्तकातलं. यापुढे मामांचं सुरू व्हायचं.

ते आवाज खाली आणत. म्हणत, की हिला मिठात घातली तेव्हा एक घोटाळा झाला. हिच्या बोटाला भाजी चिरताना कापलं होतं, ती जखम ओली होती. मीठ झोंबलं. मेलेली बाई ती, बोलणार कशी? पण रडायला लागली. तेव्हापासून जे रडतेय ते अजून रडतेय. "ऐका," असं म्हणून मामा बोट वर करत. पोरं श्वास रोखून धरत. आणि पडद्यामागून आवाज यायचा. टप. टप. टप.

तो नळ होता. पडद्यामागे पोरांच्या कार्यशाळेची खोली होती, तिथल्या मोरीचा नळ कित्येक वर्षांपासून गळत होता. संचालकबाईंनी तो दुरुस्त करायला वेळोवेळी माणसं बोलावली. मामा त्यांना दारातच गाठत, चहा पाजत, नळ कालच दुरुस्त झाला असं सांगून आल्या पावली परत पाठवत. आपल्या गोष्टीचा जीव त्या नळात आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट झाली की सफरचंदं. लांबड्या टेबलाशी पोरं बसत. प्रत्येकाला एक सफरचंद, एक चमचा, एक पुठ्ठ्याची खोकी आणि पट्टीचा तुकडा मिळे. चमच्याने सफरचंदाचं पोट कोरायचं, मीठ आणि खायचा सोडा कालवून आत ठासून भरायचा, मग उरलेल्या मिठात ते पुरायचं. खोकीवर आपली खूण काढायची. काही आठवड्यांनी तुकडी परत यायची तोवर सफरचंद सुकून, सुरकुतून, म्हाताऱ्याच्या तोंडासारखं होऊन बसायचं. त्याला पट्ट्या गुंडाळून पोरं ते घरी न्यायची.

निदान न्यायची असं त्यांना वाटायचं. पोरांच्या हातचं काम ते, कुणाचं मीठ कमी पडे, कुणी हात न पुसता भरे. चार-दोन सफरचंदं प्रत्येक वेळी कुजायचीच. पण रडत घरी गेलेलं पोर मामांना सोसत नसे. म्हणून त्यांनी स्वतः सुकवलेली उत्तम सफरचंदं एका पत्र्याच्या डब्यात घालून कोठीत ठेवलेली असत. तुकडी यायच्या आधी मामा कोठीत जात, खोक्यांमधून बोट फिरवत, जे मऊ लागेल ते काढत आणि डब्यातलं त्या जागी ठेवून देत. कुजलेली सफरचंदं मागच्या बागेत एका झाडाखाली पुरत. त्या झाडाला मामांच्या सगळ्या भानगडी ठाऊक होत्या.

*

या वेळच्या तुकडीत एक मुलगी होती. तिचा वरचा पुढचा दात पडलेला होता. मामांना पोरांची नावं लक्षात राहत नसत, ते आल्या आल्या सगळ्यांचं नव्याने बारसं करून टाकत. हिचं नाव त्यांनी ठेवलं खिडकी. ती रुसली नाही. आरशात बघावं तसं तिने काचेच्या पेटीत बघितलं, जिभेने ती फट चाचपली आणि म्हणाली की बरोबर आहे, यातून वारा येतो.

सफरचंद कोरायची वेळ आली तेव्हा हिने चमचा बाजूला ठेवला आणि सरळ एक मोठा चावा घेतला. बाकीची पोरं ओरडली, की खिडकीने ममी खाल्ली. मामा जवळ आले. चाव्याच्या मधोमध, पडलेल्या दाताच्या जागी, सफरचंदाची एक बारीकशी भिंत उभी राहिली होती. मामा म्हणाले, वा, आता ही तुझी सही झाली. हे सुकलं की हजारो वर्षं राहील. तू म्हातारी होशील, तुझी नातवंडं म्हातारी होतील, तरी लोक म्हणतील, ही बघा खिडकी.

पोरीने खूश व्हायला हवं होतं. पण ती पडद्याकडे बघत होती.

"मामा, तिला मीठ झोंबलं तेव्हा कुणी फुंकर नाही घातली?"

मामांनी या गोष्टीत इतक्या वर्षांत राजे घातले होते, चोर घातले होते, एकदा तर एक उंटही घातला होता. फुंकर घालणारं कुणी घालायचं राहून गेलं होतं. ते म्हणाले, सगळे घाबरले ना, पळाले. पोरीने मान हलवली. मग ती आपलं सफरचंद घेऊन टेबलाच्या टोकाला गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून बराच वेळ काहीतरी करत बसली. मामांना वाटलं, सावकाश काम करणारी आहे. जाताना तिने खोकीवर खिडकी काढली होती, पडद्यासकट.

*

त्यानंतर बरेच दिवस गेले. तुकडी परत यायला थोडाच अवकाश होता. एका दुपारी, संग्रहालयात चिटपाखरू नसताना, मामा काचेच्या पेटीपाशी स्टुलावर पेंगत होते. डोळे उघडले तर समोर एक माणूस. अंगात कामाचे कपडे, हातात अवजारांची जाड कापडी पिशवी, पिशवीतून पान्याचा दांडा बाहेर आलेला.

मामांनी ओळखलं. बाईंनी पुन्हा नळवाला पाठवला. ते लगबगीने उठले, म्हणाले की अहो तुम्हाला उगाच त्रास दिला, नळ कालच झाला, चला, चहा घेऊ. त्याच्या कोपराला धरून त्यांनी त्याला दाराकडे वळवलंसुद्धा. माणूस वळला नाही. पडद्यामागून आवाज येत होता. टप. टप. दोघांनी तो ऐकला.

"मी खिडकीचा बाबा," माणूस म्हणाला.

मामा हसले. म्हणाले, अरे वा, कुठाय ती? दात आला की नाही?

माणसाने पिशवी खाली ठेवली. ती ठेवताना त्याने इतकी काळजी घेतली की अवजारांचा जरासुद्धा आवाज झाला नाही. मग तो सांगू लागला, आणि सांगताना मामांकडे न बघता पेटीतल्या बाईकडे बघत राहिला. ताप आला होता. साधाच वाटला. मग उतरेना. मग दवाखान्यात नेलं. दवाखान्यात फार दिवस राहावं लागलं नाही, असं तो म्हणाला. ते त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मामांना त्याचा अर्थ लागायला वेळ लागला.

तुकडी यायच्या आधीच आलो, तो म्हणाला. ती सगळी मुलं असताना यायला नको वाटलं. घरी ती सफरचंदाचंच बोलायची. इथून आल्यापासून कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ओ देत नव्हती, खिडकीच म्हणवून घ्यायची. सांगायची, की बाबा, माझा चावा आहे त्याच्यावर, तो हजारो वर्षं राहणार, मामा म्हणालेत.

मामांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"घरात तिचं सगळं आहे," माणूस म्हणाला. "कपडे आहेत, चपला आहेत. पण ते नुसतं तिचं आहे. हे तिच्या तोंडाचं आहे. मला ते न्यायचंय. चालेल ना, आधी नेलं तर?"

चालेल, चालेल, असं मामा दोनदा म्हणाले. तुम्ही बसा, मी आणतो. त्याला आपल्या स्टुलावर बसवून ते कोठीत गेले आणि दार ओढून घेतलं.

*

खोकी सापडायला वेळ लागला नाही. पडद्यासकट खिडकी. मामांनी ती खाली घेतली, झाकण काढलं आणि नेहमीसारखं मिठात बोट घातलं.

बोट आत गेलं. जायला नको तेवढं आत गेलं.

वास आधीच आला होता, पण मामांनी तो नाकाला कळू दिला नव्हता. त्यांनी हलक्या हाताने मीठ बाजूला केलं. एका बाजूने सफरचंद छान सुकलं होतं. चाव्याची बाजू मात्र काळी, ओली, बसलेली. भिंत नाही, दातांच्या खुणा नाहीत, काही नाही. मामांनी झाकण लावलं. पुन्हा काढलं, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर बरं निघेल. मग पुन्हा लावलं.

फळीवर पत्र्याचा डबा होता.

आता मामा म्हणजे कोण, हे पुन्हा सांगायला नको. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना रडू दिलं नाही तो एका बापाला असा रिकाम्या हाताने पाठवेल? डब्यातलं एक देखणं, मऊ चामड्यासारखं झालेलं सफरचंद त्यांनी निवडलं. चावा नव्हता त्याला. तर चावा घ्यायचा, त्यात काय? मामांनी तोंड उघडलं आणि चावले. सुकलेलं सफरचंद ते, त्याने कवळीच धरून ठेवली. मामांनी हिसका दिला तशी कवळी सफरचंदासकट बाहेर आली. दारापलीकडे एक बाप बसलाय आणि अलीकडे एक बोळका म्हातारा दात लागलेलं सफरचंद हातात धरून उभा आहे. दुसरी कुठली वेळ असती तर मामांनी हीच गोष्ट महिनाभर पुरवली असती, आणि शेवटी सफरचंदालाच दात फुटल्याचं सांगून मोकळे झाले असते.

कवळी सोडवून त्यांनी खिशात घातली. खूण उमटली होती, पण अख्ख्या ओळीची, एकसारखी, मोठ्या माणसाची. तिला लहान करायला हवं होतं, मध्ये फट ठेवायला हवी होती. मामांचा हात चांगला होता. त्यांनी खिशातला चाकू काढला आणि सफरचंद उजेडाकडे धरून कडा कोरायला लागले. जमत होतं. बारीक दात, त्यांच्या मधल्या रेघा. इतकं जमत होतं की मामांना स्वतःचीच भीती वाटायला लागली. राहिली होती फक्त ती भिंत.

चाकू थांबला. भिंत कुठे ठेवायची? उजवीकडचा दात पडला होता की डावीकडचा?

मामांनी डोळे मिटले. पोरगी आठवली. जिभेने फट चाचपणारी. वारा येतो म्हणणारी. तोंड स्पष्ट आठवत होतं आणि तोंडातली बाजू आठवत नव्हती. आपणच तिचं नाव ठेवलं. सगळ्यांनी तिला त्या नावाने हाक मारली, शेवटपर्यंत तिने तेच नाव लावलं, आणि ती खिडकी कुठल्या अंगाला होती ते आपल्याला ठाऊक नाही. बाहेर बसलेल्या माणसाला ठाऊक आहे. तो हे हातात घेईल, बघेल, आणि काही बोलणार नाही. मामांचे आभार मानून पिशवी उचलेल आणि निघून जाईल.

मामांनी चाकू मिटला. कवळी पुसून तोंडात बसवली. आणि खिडकीची खोकी, होती तशी, छातीशी धरून बाहेर आले.

*

"हे टिकलं नाही," मामा म्हणाले.

त्यांना पुढे बरंच काही बोलायचं होतं. बोलणं हाच त्यांचा धंदा. पण त्यांनी खोकी त्याच्या मांडीवर ठेवली आणि झाकण काढलं.

माणूस बघत राहिला. वास दोघांच्याही नाकात गेला. पडद्यामागे नळ आपलं काम करत होता. मग त्याने विचारलं, "का?"

मामा म्हणाले, आत पाणी राहिलं. मीठ पोचलं नाही तिथवर.

"का नाही पोचलं?"

हे त्याने रागाने विचारलं नव्हतं. भिंतीला ओल आली की ती कुठून आली हे शोधायची ज्याला रोजची सवय, त्या माणसाने विचारावं तसं विचारलं. मामा खोकीवर वाकले. दोघांनी मिळून मीठ दूर केलं. काळ्या लगद्यात, चावा होता त्या जागी, काहीतरी पांढुरकं होतं. माणसाने दोन बोटांनी ते अलगद ओढलं.

पट्टीचा तुकडा होता. सफरचंद गुंडाळण्यासाठी प्रत्येकाला दिलेला. त्याची चौकोनी, जाडसर घडी करून ती चाव्यात नीट बसवली होती आणि वरून मीठ भरलं होतं. टेबलाच्या टोकाला पाठ करून ती काय करत होती, ते मामांना आता कळलं.

"झोंबू नये म्हणून," मामा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यांना ओळखू आला नाही. "मीठ झोंबतं असं मी सांगितलं होतं. मी नाही नाही ते सांगत असतो मुलांना."

माणूस घडीकडे बघत होता. मग त्याने ती तळहातावर ठेवली आणि अंगठ्याने तिची कड चाचपली.

"ही माझी घडी आहे," तो म्हणाला.

मामांना समजलं नाही. तो सावकाश सांगत गेला. पोर सारखी पडायची. गुडघे कायम फुटलेले. मलम थेट लावलं की किंचाळायची. म्हणून तो आधी पट्टीची अशी घडी करायचा, कडा आत घालून, म्हणजे धागा टोचत नाही. ती जखमेवर ठेवायची, मग वरून मलम. मलमाचा उपयोग कितपत होत असेल कोण जाणे. घरातून त्याबद्दल तो बोलणीही खायचा, की असं वरून लावून काय बरं होणार. पण पोर रडायची नाही. कडा आत घालायच्या हे त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं. बघून शिकली असणार.

मग म्हणाला, "दवाखान्यात सुई लावताना मला बाहेर उभं केलं होतं."

मामा खाली बसले. स्टूल एकच होतं, म्हणून जमिनीवर, पेटीला टेकून. एवढी वर्षं ते त्या पेटीपुढे उभे राहिले होते, टेकून कधी बसले नव्हते. वर काचेत ती बाई, खाली ते दोघं.

माणसाने खिशातून रुमाल काढला. घडीवरचं मीठ फुंकरीने उडवलं, अगदी हलक्या फुंकरीने, आणि ती रुमालात ठेवून रुमाल वरच्या खिशात घातला. खोकीचं झाकण लावून ती मामांपुढे धरली.

"टिकत नाहीत त्यांचं काय करता?"

"मागे बागेत पुरतो. झाडाखाली."

"मग तेच करा."

मामांनी खोकी घेतली. आता तो जाईल असं त्यांना वाटलं. पण त्याने पिशवी उचलली आणि पडद्याकडे बघितलं.

"तो नळ कुठाय?"

मामा गडबडले. म्हणाले, अहो, तो नुसता नळ आहे, मी आपलं पोरांना काहीतरी...

"मला माहीत आहे नळ आहे ते. तिलाही माहीत होतं. माझीच मुलगी ती." इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "वॉशर गेलाय म्हणाली. वॉशर गेलाय, आणि ती रडतेय, दोन्ही. तू पिशवी घेऊन चल म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, रविवारी जाऊ."

तो पडदा सारून आत गेला. मामा खोकी घेऊन दारात उभे राहिले. एरवी नळाकडे कुणी बोट केलं तरी ते लगेच आडवे यायचे. आज ते नुसते बघत राहिले. माणसाने मोरीखालची चावी फिरवून पाणी बंद केलं, पान्याने नळाचं डोकं सोडवलं, जुना वॉशर काढून बोटात फिरवून बघितला. पार चपटा झाला होता, मधून चिरलेला. त्याने पिशवीतून नवा काढला, बसवला, पुन्हा घट्ट केलं, पाणी सोडलं. मग वाकून, कान लावून, बराच वेळ थांबला.

काही ऐकू आलं नाही.

"थांबली," तो म्हणाला, आणि पान्याचा दांडा पुसून पिशवीत ठेवला.

*

खिडकीची तुकडी सफरचंदं न्यायला आली तेव्हा मामांनी पत्र्याचा डबा उघडलाच नाही. ज्यांची कुजली होती त्यांना कुजलेलीच दिली. दोघं-तिघं रडली. मामा त्यांच्याजवळ बसले, कुठे पाणी राहिलं ते त्यांना दाखवलं आणि त्यांच्याबरोबर बागेत जाऊन ती पुरली. झाडाखाली एका जागी माती आधीच उकरलेली होती, तिथे मात्र त्यांनी कुणाला खणू दिलं नाही. यंदा इतकी कशी कुजली म्हणून संचालकबाईंनी विचारलं. मामा म्हणाले, हवा दमट होती. बाईंनी लगेच जाऊन यंत्राची तबकडी बघितली. थापांची सवय इतक्या सहज कुठे सुटते?

पुढची तुकडी आली. ही कुणाची मम्मी, झालं. नाकातून मेंदू झाला. मग मामांनी आवाज खाली आणला, मीठ झोंबल्याचं सांगितलं, रडण्याचं सांगितलं, आणि जन्माच्या सवयीने बोट वर केलं. "ऐका."

पोरांनी श्वास रोखला. मामांनीही. पडद्यामागून काही आलं नाही. इतकी शांतता त्या खोलीत मामांनी कधी ऐकली नव्हती. बोट तसंच वर राहिलं.

"काहीच ऐकू येत नाही," एक पोरगा म्हणाला.

"नाही येत," मामा म्हणाले. "थांबली ती."

कशी थांबली, असं चौघांनी एकदम विचारलं. मग मामांनी सांगितलं. एक मुलगी होती, तिचा पुढचा दात पडला होता. तिने सफरचंदाला मीठ झोंबू नये म्हणून आत पट्टीची घडी ठेवली. आणि तिच्या बाबांनी येऊन रडणं बंद केलं. मामांनी याला तिखटमीठ लावलं नाही, की राजा आणला नाही. गोष्ट तीन-चार वाक्यांत संपली.

"थापा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी तुकडी खदखदून हसली. मामा थापा मारतात हे पहारेकऱ्याने त्यांना दारातच सांगून ठेवलं होतं.

मामाही हसले. ते हसू मात्र खोटं होतं.

सफरचंदं वाटली, चमचे वाटले, पट्ट्या वाटल्या. मीठ भरताना टेबलाच्या टोकाला एक चष्मेवाली पोरगी बाकीच्यांकडे पाठ करून बसली. मामा तिच्यामागे जाऊन उभे राहिले. पट्टीची घडी काही तिला जमत नव्हती, धागे बाहेर येत होते. मामांनी तिच्या शेजारी बसून कडा आत कशा घालायच्या ते दाखवलं.

"पण असं केलंस तर हे टिकणार नाही," ते म्हणाले. "कुजेल. खरं सांगतोय."

पोरीने चष्मा वर सारला, सफरचंदाकडे बघितलं, मामांकडे बघितलं.

"चालेल," ती म्हणाली, आणि घडी आत ठेवून वरून मीठ घालायला लागली.